नोकरी, घर आणि दूरशिक्षणातून विज्ञान: कुठल्या कामाला कुठला वेळ?

सांजसत्र

पूर्ण वेळ नोकरी, घरी दोन मुलं आणि दूरशिक्षणातून भौतिकशास्त्राची पदवी, असं सध्या माझं चालू आहे. याच वाटेवरचे बरेच जण इथे आहेत, आणि सुरुवात करू की नको या विचारात असलेले त्याहून जास्त. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: वेळ कसा काढता? त्यावर "पहाटे उठा", "मोबाइल बाजूला ठेवा", "इच्छा असली की वेळ मिळतो" अशी उत्तरं येतात. ती चुकीची नाहीत, पण विज्ञान शिकणाऱ्याला पुरत नाहीत. माझ्या मते एकूण तास किती मिळाले यापेक्षा ते कशा प्रकारचे मिळाले यावर गाडं पुढे सरकतं की अडतं ते ठरतं. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

आधी तासांचा हिशेब उरकून टाकू. तो प्रवेश घेण्याआधीच करायला हवा. माहितीपत्रकात प्रत्येक विषयाचे क्रेडिट दिलेले असतात आणि क्रेडिट म्हणजे कामाचे अंदाजे तास. हा दर सगळीकडे सारखा नसतो. युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत एका क्रेडिटला २५ ते ३० तास धरतात, ब्रिटनमध्ये १० तास. आपल्या विद्यापीठाचा दर काढायचा, क्रेडिटने गुणायचं, सत्राच्या आठवड्यांनी भागायचं. दर ३० तासांचा असेल तर ४ क्रेडिटचा विषय म्हणजे १२० तास. सत्र २० आठवड्यांचं असेल तर आठवड्याला ६ तास. असे तीन विषय घेतले की १८ तास झाले, आणि त्यात आजारपण, ऑफिसातली वर्षअखेर, मुलांच्या शाळेच्या सभा यांतलं काहीच धरलेलं नाही. मी एका सत्रात दोनच विषय घेते. पदवीला जास्त वर्षं लागतील. लागू देत.

आता मुख्य मुद्दा. विज्ञानाचा अभ्यास हे एकच काम नाही. धडा वाचणं, सिद्धता समजून घेणं, गणितं सोडवणं, प्रात्यक्षिक करणं आणि जर्नल लिहिणं ही पाच निरनिराळी कामं आहेत आणि प्रत्येकाला वेगळ्या प्रतीचा वेळ लागतो. यांतली काही पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत निभावतात. काही मात्र सलग बैठक मागतात, आणि तिथे कितीही तुकडे जोडले तरी उपयोग होत नाही.

क्वांटम मेकॅनिक्समधलं अगदी सुरुवातीचं गणित घ्या, बंद पेटीतला कण. समीकरण लिहिलं, उत्तर साइन आणि कोसाइनच्या बेरजेच्या रूपात मांडलं. पेटीच्या डाव्या भिंतीवर वेव्ह फंक्शन (कण कुठे सापडण्याची किती शक्यता ते ज्यातून कळतं ती राशी) शून्य हवं, म्हणून कोसाइनचा गुणक गेला. उजव्या भिंतीवरही ते शून्य हवं, पण आता साइनचा गुणक शून्य करून चालणार नाही, कारण मग पेटीत कणच उरत नाही. म्हणून साइनच्या आतली राशीच π च्या पूर्ण पटीत असायला हवी. तिथून ऊर्जा ठरावीक पायऱ्यांनीच मिळते आणि ती पूर्णांकाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही सगळी साखळी डोक्यात एकाच वेळी उभी असावी लागते. मधे कुणी "आई, माझी वही कुठे आहे?" म्हणून हाक मारली की ती कोसळते आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात. त्या हाकेत मुलाचं काही चुकत नाही. ते काम त्या वेळी करायचं नव्हतं, एवढंच.

म्हणून मी आठवड्यातून दोनदा सलग अडीच-तीन तास राखून ठेवते आणि त्यात फक्त गणितं आणि सिद्धता करते. त्या वेळात वाचन नाही, नोट्स सुवाच्य करणं नाही, फोल्डर लावणं नाही. ती कामं करताना अभ्यास झाल्याचं समाधान मिळतं, पण त्यासाठी सोन्यासारखी बैठक खर्च होऊन जाते.

बैठक मोडावी लागलीच, तर उठण्यापूर्वी वहीत एक ओळ लिहिते: पुढची पायरी कोणती आणि तीच का. उदाहरणार्थ, "उजव्या भिंतीची अट लावायची, साइनचा गुणक शून्य का चालत नाही ते आधी आठव." याला संशोधनाचा आधार आहे. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्या कामातच अडकून राहतो. पुढे २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी असंही दाखवलं की उठण्यापूर्वी परतल्यावर काय करायचं ते थोडक्यात टिपून ठेवलं तर हातातल्या नव्या कामावर लक्ष चांगलं लागतं. याचा फायदा मुलांनाही होतो: मी त्यांच्याजवळ असते तेव्हा मनाने समीकरणात नसते.

उरले छोटे तुकडे: प्रवास, रांग, मुलांचा क्लास सुटेपर्यंतची वाट. त्यात मी पुस्तक उघडत नाही. आदल्या रात्री जे केलं ते न बघता आठवायचा प्रयत्न करते. जमलं तर कागदावर, नाहीतर मनात. रोएडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर प्रयोग केला होता. त्यांनी एक उतारा दोनदा वाचला, दुसरा एकदा वाचून मग आठवून लिहिला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर दोनदा वाचलेला उतारा जास्त आठवत होता. आठवड्याने घेतली तेव्हा दोनदा वाचलेल्यातलं सुमारे ४२ टक्के आठवत होतं आणि आठवून लिहिलेल्यातलं सुमारे ५६ टक्के. आपल्यासारख्यांच्या एकाच विषयाच्या दोन बैठकांमध्ये आठवडा जातोच, त्यामुळे हा फरक आपल्याला जास्त लागू पडतो.

शेवटचं घरच्यांबद्दल. "मला तुमची साथ हवी" असं सांगून कुणालाच काही कळत नाही. "रविवारी सकाळी सहा ते नऊ मी खोलीत आहे, नऊ वाजता दार उघडेन" असं सांगितलं की कळतं. आणि नऊला दार उघडायचंच, गणित सुटलेलं असो वा नसो.

तुम्ही कसं करता ते लिहा. विशेषतः फिरत्या ड्युटीवाले आणि ज्यांना सलग वेळ मिळतच नाही असे. प्रात्यक्षिकांच्या आठवड्यांबद्दलही वाचायला आवडेल.

प्रतिसाद १: रात्रपाळी

छान धागा. मी परिचारिका आहे, सूक्ष्मजीवशास्त्र करतेय. आमच्याकडे "दर रविवारी सहा ते नऊ" हे शक्यच नसतं, कारण रविवार कधी ड्युटीत तर कधी झोपेत. आठवड्याचं वेळापत्रक मी केव्हाच सोडलं. महिन्याचा रोस्टर लागला की त्याच दिवशी त्यावरच खुणा करते. सकाळपाळी असेल तर संध्याकाळी हलकं काम: वाचन, आकृत्या, जीवाणूंची वैशिष्ट्यं आठवून लिहिणं. रात्रपाळी संपली की पहिला दिवस पूर्ण झोपेचा, त्या दिवशी अभ्यासाचं नाव नाही. दुसऱ्या सुटीच्या सकाळी मोठी बैठक.

रात्रपाळीवरून येऊन "तासभर वाचून मग झोपते" असं आमच्यातल्या पुष्कळ जणी करतात, त्यांना कळकळीने सांगते, करू नका. विल्यमसन आणि फेयर यांचा २००० सालचा अभ्यास आहे. सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्यांची काही चाचण्यांमधली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्यांइतकी किंवा त्याहून खाली गेली होती. त्या अवस्थेत वाचलेलं पान दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचावं लागतं. तोच तास झोपेला दिला तर निदान शरीराला पोचतो.

प्रतिसाद २: अपूर्णांक

सांजसत्र, बैठकीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं, पण मी थोडा असहमत आहे. मी एकटा पालक आहे. मुलगी पाच वर्षांची. सलग अडीच तास मला फक्त ती झोपल्यावर मिळतात आणि तेव्हा माझं डोकं चालत नाही. "सलग वेळ नसेल तर गणित करू नका" असं धरलं तर मी कधीच गणित केलं नसतं.

मी गणिताचेच तीन भाग करतो आणि ते वेगवेगळ्या वेळी करतो. पहिला, मांडणी: आकृती, दिलेलं काय, काढायचं काय, कुठला नियम लागतो आणि का. इथे एकही आकडा घालायचा नाही. दुसरा, सोडवणं. तिसरा, तपासणी: एकक बरोबर आहेत का, आणि टोकाच्या स्थितीत उत्तर शहाण्यासारखं वागतं का.

साधं उदाहरण. उतारावर घर्षणासह घसरणारा ठोकळा. मांडणी बस-स्टॉपवर होते: वजन, लंब बल, घर्षण, तीन बाण, अक्ष उताराच्या दिशेने घ्यायचा. सोडवायला रात्री वीस मिनिटं पुरतात, कारण विचार आधीच झालेला असतो. तपासणी दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत: कोन ९० अंश केला तर लंब बल शून्य होतं, घर्षण जातं, आणि त्वरण गुरुत्वीय त्वरणाइतकं यायला हवं. आलं तर ठीक. नाही आलं तर कुठेतरी साइन-कोसाइनची अदलाबदल झाली आहे.

यात एक अनपेक्षित फायदा झाला. मांडणी आणि सोडवणं यांत काही तास गेल्यामुळे चुकीचा नियम लावलेला असेल तर तो सोडवण्याआधीच डोळ्यांत भरतो.

प्रतिसाद ३: सांजसत्र

अपूर्णांक, हे फार उपयोगी आहे. तुमची विभागणी मला बलगतिकीला आणि विद्युतमंडलांना पटते. लांबलचक सिद्धतांना कितपत लागू होईल याची शंका आहे, कारण तिथे मांडणी आणि सोडवणं हातात हात घालून चालतात. पण "मांडणीत आकडा नाही" हा नियम आजपासून माझा.

प्रतिसाद ४: उंबरठा

मी शिकत नाही. माझी बायको नोकरी सांभाळून रसायनशास्त्रात एमएस्सी करते आहे. घरच्यांच्या बाजूनेही कुणीतरी लिहावं म्हणून लिहितो.

अभ्यासाच्या तासांचा आम्हाला त्रास होत नाही. त्रास होतो तो अनिश्चिततेचा. "थोडं उरलंय" म्हणजे दहा मिनिटं की दोन तास, हे बाहेर बसलेल्याला कळत नाही. मूल सारखं दाराकडे बघत राहतं. सांजसत्र यांनी नऊला दार उघडायचंच असं लिहिलंय, ते लाख मोलाचं. शेवटची वेळ ठाऊक असली की आम्ही अख्खी सकाळ नीट आखतो, बाहेर जातो, आणि कुणाला वाट बघायला लागत नाही.

दुसरी गोष्ट. घरातली कामं "मदत" म्हणून करायची नाहीत, कायमची वाटून घ्यायची. मुलाला शाळेत सोडणं, डॉक्टरकडे नेणं आणि कपडे ही तीन कामं आता माझी आहेत. तिची परीक्षा असो वा नसो. आधी मी फक्त परीक्षेच्या काळात ती करायचो, तेव्हा तिला प्रत्येक वेळी आठवण करून द्यावी लागायची. ती आठवण करून देणं हेसुद्धा एक कामच होतं, आणि ते तिच्याच डोक्यावर होतं.

तिसरी गोष्ट आमच्या बाजूची मागणी. आठवड्यातली एक संध्याकाळ पुस्तकाविना हवी. सबमिशन असलं तरी. ती मिळते म्हणून बाकीचे सहा दिवस आम्ही कुरकुर न करता काढतो.

प्रतिसाद ५: काठावरची

उंबरठा, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला. संध्याकाळपर्यंत दोन कामं वाटून झाली. धन्यवाद!

प्रतिसाद ६: मोजपट्टी

मी बरीच वर्षं दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांना भौतिकशास्त्र आणि गणित शिकवतो आहे. इथे वेळेबद्दल उत्तम चर्चा झाली, मी गणिताच्या पायाबद्दल लिहितो. नोकरी करून आलेल्या विद्यार्थ्यांचं घोडं बहुतेक वेळा तिथेच अडतं आणि त्यांना मात्र वाटतं की वेळ कमी पडतोय.

माणूस दहा-पंधरा वर्षांनी पुस्तक उघडतो. विषयाची गोडी आहे, अनुभव आहे, चिकाटी तर भरपूर. पण लॉगरिदम हात सोडून गेलेले असतात. मग रसायनशास्त्रात पीएच (आम्लतेचं माप) अडतो, भौतिकशास्त्रात किरणोत्सर्गाचा ऱ्हास अडतो, जीवशास्त्रात जीवाणूंच्या वाढीचा आलेख अडतो. तीन विषयांत तीन अडचणी आहेत असं त्याला वाटतं. मुळात अडचण एकच. पीएच ३ वरून ५ वर गेला म्हणजे हायड्रोजन आयनांची तीव्रता १०० पटीने कमी झाली, हे ज्याला चटकन दिसतं त्याला बफरचा (पीएच फारसा बदलू न देणाऱ्या द्रावणांचा) धडा एका बैठकीत होतो. ज्याला दिसत नाही तो तोच धडा चार वेळा वाचतो आणि तरी हाती काही लागत नाही.

माझा सल्ला असा, की प्रवेशाच्या आधीचे दोन-तीन महिने फक्त याला द्या: घातांक आणि लॉग, त्रिकोणमिती, सदिश, विकलन, संकलन आणि आलेखाचा चढ वाचणं. अकरावी-बारावीच्या पुस्तकांतलीच गणितं, हाताने. विशेषतः सूत्राची फिरवाफिरव. ती इतकी सवयीची व्हावी की त्यात लक्ष जाऊ नये, कारण मुख्य अभ्यासात लक्ष दुसरीकडे लागणार असतं.

सत्र सुरू झाल्यावर मागचा पाया भरणं फार महाग पडतं. तेव्हा तुमच्या त्या दोन बैठकांतली एक त्यातच जाते.

प्रतिसाद ७: काचनळी

सांजसत्र यांनी प्रात्यक्षिकांबद्दल विचारलं आहे, म्हणून त्यावर.

दूरशिक्षणातून विज्ञान म्हटलं की लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, की प्रयोग कुठे करणार? प्रश्न जुना आहे. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं, १९७१ मध्ये तिथे पहिले विद्यार्थी शिकू लागले. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ते घरी प्रयोगसंच पाठवत. त्यासाठी छोटा प्लास्टिकचा मॅकआर्थर सूक्ष्मदर्शक खास बनवून घेतला होता. शिवाय उन्हाळ्यात आठवडाभराच्या निवासी शाळा असत, कारण काही गोष्टी घरी होत नाहीत हे त्यांनी पहिल्यापासून मान्य केलं होतं. आजही दूरशिक्षणात बऱ्याच ठिकाणी ढोबळमानाने तीच रचना आहे: काही घरी, काही संगणकावर, आणि काही केंद्रावर सलग काही दिवस.

हे सलग दिवस म्हणजे नोकरदाराची खरी कसोटी. असाइनमेंट रात्री लिहिता येते, पण प्रयोगशाळा रात्री उघडी नसते. म्हणून सत्राच्या पहिल्याच आठवड्यात तारखा विचाराव्यात, निश्चित नसतील तर अंदाजे महिना तरी. वरिष्ठांना तेव्हाच सांगावं. रजेचे काही दिवस त्यासाठी वेगळे काढून ठेवावेत आणि त्यांना दुसऱ्या कशासाठी हात लावू नये. माझ्या आधीच्या नोकरीत वरिष्ठांनी आयत्या वेळी रजा नाकारली आणि माझं त्या विषयाचं प्रात्यक्षिक वर्षभर पुढे गेलं. आताच्या ठिकाणी रुजू होतानाच लेखी मंजुरी घेतली.

केंद्रावर जाण्याआधी प्रत्येक प्रयोगासाठी निरीक्षणाचा तक्ता आखून न्यावा, सूत्र लिहून न्यावं, आणि कुठल्या मापनातली चूक उत्तरात किती पटीने उतरते तेही काढून न्यावं. तिथे गेल्यावर हात आणि डोळे मोकळे राहतात. अनुमापनात (टायट्रेशनमध्ये) शेवटच्या थेंबाला रंग कसा पालटतो, फिकट गुलाबी रंग हलवल्यावर टिकतो की विरून जातो, हे बघायला आपण तिथे गेलेलो असतो. तक्ते आखत बसलो तर नेमकं तेच निसटतं. आणि जर्नल त्याच रात्री. दुसऱ्या दिवशी आकडे असतात, पण तिसऱ्या वाचनाला बुडबुडा अडकला होता हे आठवत नाही.

एक कळकळीची सूचना. केंद्राचा संच आणि सूचना नसताना घरातल्या रसायनांवर प्रयोग करू नका, मुलं असलेल्या घरात तर मुळीच नको. ब्लीच आणि आम्लयुक्त क्लीनर एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की क्लोरामाइन तयार होतात, तेही विषारीच.

प्रतिसाद ८: सांजसत्र

काचनळी, चुकांचा हिशेब आधी करून न्यायचा ही सूचना अगदी योग्य. भौतिकशास्त्रातले काही प्रयोग मात्र घरी निर्धास्त करता येतात आणि त्यात मुलांनाही घेता येतं. आम्ही लंबक केला. दोऱ्याला टांगलेला नट, लांबी साधारण एक मीटर. मोठी मुलगी आंदोलनं मोजते, धाकटा मुलगा मोबाइलवरचं घड्याळ चालू-बंद करतो.

एका आंदोलनाला सुमारे दोन सेकंद लागतात. घड्याळ दाबण्यात ०.२ सेकंदांची चूक धरली तर एकाच आंदोलनात ती १० टक्के होते, आणि गुरुत्वीय त्वरणाच्या सूत्रात आवर्तकालाचा वर्ग असल्यामुळे उत्तरात २० टक्के. तीच चूक २० आंदोलनांवर, म्हणजे ४० सेकंदांवर पसरली की अर्धा टक्का, आणि उत्तरात एक टक्का. म्हणून वीस मोजायची. मग मुलीने विचारलं, शंभर मोजली तर? तेव्हा लांबीकडे वळलो. एक मीटरमध्ये एक सेंटिमीटरची चूक झाली तर तिथेच एक टक्का जातो, मग आंदोलनं कितीही मोजा. लांबी टांगलेल्या टोकापासून नटच्या मध्यापर्यंत धरायची आहे, गाठीपर्यंत नाही, हे तिला तेव्हा पटलं आणि तिने स्वतः पुन्हा मोजली. चुकांच्या विश्लेषणाचा माझा अख्खा धडा त्या अर्ध्या तासात झाला, आणि तो वेळ घरच्यांच्या वाट्यातून घ्यावा लागला नाही.

ज्यांच्याकडे साधनं नाहीत त्यांच्यासाठी दोन नावं देते. आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप मोबाइलमधल्या संवेदकांनी त्वरण, आवाज, चुंबकीय क्षेत्र मोजतं. आणि कोलोराडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेली फेट सिम्युलेशन्स. विद्युतमंडलं आणि तरंग समजायला ती उत्तम आहेत. प्रत्यक्ष प्रात्यक्षिकाची जागा यांनी भरून निघत नाही, पण केंद्रावर जाण्याच्या आदल्या आठवड्यात फार उपयोग होतो.

प्रतिसाद ९: पुन्हा_पाटी

मी शाळा सोडून पंधरा वर्षं झाली. दोन मुलं, कारखान्यात पर्यवेक्षक. जीवशास्त्र घ्यायचं मनात आहे. मोजपट्टी सर, जीवशास्त्रालाही इतकं गणित लागेल का? आणि मुलं आजारी पडली, सबमिशन चुकलं, तर वर्ष वाया जातं का? ही भीती जास्त आहे.

प्रतिसाद १०: मोजपट्टी

पुन्हा_पाटी, विकलन-संकलन तुम्हाला कमी लागेल. लॉग, टक्केवारी, प्रमाण आणि संख्याशास्त्र मात्र नक्की लागेल. आनुवंशिकतेत अपेक्षित आणि प्रत्यक्ष आकड्यांची तुलना काय-स्क्वेअर चाचणीने करायची असते, तिथे पुष्कळ जण बिचकतात. मेंडेलच्या ३:१ या प्रमाणापासून (एका गुणाची तीन रोपं, तर दुसऱ्याचं एक) सुरुवात करा. एकूण ८० रोपं असतील तर अपेक्षा ६० आणि २० ची. प्रत्यक्षात ५५ आणि २५ मिळाली तर हा फरक योगायोगाचा मानायचा की नाही? फरकाचा वर्ग करून अपेक्षित संख्येने भागा: २५ भागिले ६०, अधिक २५ भागिले २०. बेरीज सुमारे १.६७ येते. अशा दोन गटांच्या तुलनेत नेहमीची मर्यादा ३.८४ असते, म्हणजे हा फरक योगायोगाने येऊ शकतो. एवढं हाताने करता आलं तर तुम्ही तयार आहात.

सबमिशनबद्दल. नियम प्रत्येक विद्यापीठाचे वेगळे, त्यामुळे प्रवेश घेतानाच तीन गोष्टी लेखी विचारून घ्या: असाइनमेंटला मुदतवाढ मिळते का, परीक्षा पुढच्या सत्रात देता येते का, आणि नोंदणी एकूण किती वर्षं वैध राहते. तिसरं सर्वांत महत्त्वाचं, कारण त्यावरून एखादं सत्र थांबणं परवडेल की नाही ते कळतं.

मुदत संपण्याआधी लिहिणाऱ्याला शक्य तिथे सवलत द्यावी असंच शिकवणाऱ्याला वाटतं. मूल तापाने फणफणतंय तेव्हा दोन ओळी पुरतात: काय झालं, किती काम झालंय, किती दिवस हवेत. डॉक्टरांचा कागद नंतर जोडता येतो. मुदत उलटून आठवड्याने आलेल्या पत्राला मात्र आमचेही हात बांधलेले असतात.

प्रतिसाद ११: रात्रपाळी

यात एक भर. प्रात्यक्षिकाची बॅच बदलून मिळणं असाइनमेंटच्या मुदतवाढीपेक्षा अवघड असतं, कारण तिथे जागा मोजक्या असतात. एकाहून जास्त बॅच असतील तर पहिलीच निवडावी. काही अडलं तर निदान पुढची हाताशी राहते. शेवटची बॅच घेतली आणि मूल आजारी पडलं तर थेट पुढचं वर्ष.

प्रतिसाद १२: पुन्हा_पाटी

मोजपट्टी सर, काय-स्क्वेअर हाताने केलं. १.६७ आलं. मग ८० ऐवजी ८०० रोपं धरली आणि तेच प्रमाण ठेवलं, ५५० आणि २५०, तर १६.६७ आलं. म्हणजे रोपं वाढली की तोच फरक योगायोगाचा राहत नाही, बरोबर ना? नोंदणीच्या वैधतेबद्दल उद्या केंद्रावर लेखी विचारतो आणि पहिल्या बॅचचंही बघतो.

प्रतिसाद १३: मोजपट्टी

अगदी बरोबर. आता तेच प्रमाण ठेवून किती रोपांना ३.८४ ची मर्यादा ओलांडली जाते ते शोधा. उत्तर इथेच लिहा, म्हणजे बाकीच्यांनाही करून बघता येईल.